तिरकी चालणारी जीप

काय सांगू पोरी, आमचं मूळ गाव कोनतं म्हनून इचारशील तर मला सांगता यायचं न्हाई. आमी घिसाडी. बैलगाडीत संसार, गाडीला बांधलेला भाता आनि ऐरन, आज या गावाच्या येशीला तर आठ दिसांनी फुडच्या, नांगराचा फाळ, इळा, कुऱ्हाड करून द्यायची आनि फुडं चालायचं. माझा जलम राशीनच्या अलीकडं झाला म्हनं, आई नक्की सांगायची न्हाई, तिला एक विहीर तेवढी आठवायची. आमच्यात रीत अशी, का मानूस सांडशीनं लोखंड धरनार आनि बाई घन मारनार. घन म्हंजे हा, बघ उचलून. न्हाई ना उचलत, असू दे, तुझ्या हातात पेन हाय. मी लगीन झाल्यापासून मारते, आनि माझा मार कधी ऐरनीवर पडला न्हाई, लोखंडावरच पडला, हे मालक चारचौघांत सांगायचे. मालक म्हंजे माझा नवरा.

मंग ट्रॅक्टर आले, नांगराचं काम गेलं, आनि आमी मिरजगावला या हायवेच्या कडंला टेकलो. इथं एका टेम्पोचा पाटा तुटला हुता, मालकांनी तो करून दिला, आनि तवापासून आमी कमानवाले. पाटा म्हंजे गाडीच्या खाली लोखंडी पट्ट्यांची कमान असती, एकावर एक, समदा भार तिच्यावर. खड्डे खाऊन खाऊन ती सपाट होती, गाडी बसती, मंग तिला परत वाक द्यायचा. मालकांचं काम लई मोठं, मी बायको म्हनून न्हाई सांगत. पाटा कधी इस्तवात घातला न्हाई. म्हनायचे, तापवला का त्याचं पानी उतरतं, मंग तो नुसता पत्रा. गार पाटा ऐरनीवर धरायचा, बोटाबोटाच्या अंतरानं मी मार द्यायचा, आनि तो असा वाकत जायचा जशी काय भाकरी फुगती. पाट्याला टिचकी मारून सांगायचे का आत चीर हाय, फुटक्या मडक्यावानी वाजतो म्हनायचे, आनि खरंच चीर निघायची.

साखरंनं त्यांचं डोळं गेलं. आधी धुरकट, मंग सांडशी माझ्या हाताजवळ यायला लागली, मंग काईच न्हाई. मी काय केलं, जमिनीत दोन लोखंडी खुंट गाडले, त्यात पाटा अडकवायचा आनि एकटीनं ठोकायचा. पन गिऱ्हाईक यायचं, मालकांना खाटंवर बघायचं, मला घनासंगट बघायचं, आनि मिस्तरी न्हाई व्हय, बरं मंग येतो म्हनून जायचं ते जायचंच. एकजन तर तोंडावर म्हनला, मावशे, भाकरी थापायचं काम न्हाई हे. दुकान बंद पडलं असतं तर त्या वयात आंधळ्या मानसाला घिऊन मी कुनाच्या दारात जानार हुते, सांग.

तवा पयला बबननाना आला. कोंभळीचा, जुनी जीप, त्याच्या पोरापेक्षा वयानं मोठी, बाजाराच्या बाया आनि कॉलेजची पोरं आनायचा. डाव्या अंगाचा फुडचा पाटा मोडला हुता. म्हनला, वहिनी, तुमचा घन मी लई वर्सं बघतोय, करा. मी नवी पट्टी घातली, वाक दिला, पाटा जीपला चढवला, बोल्ट आवळले. असा वाक दिला हुता पोरी, का मला त्या रात्री झोप न्हाई आनंदानं.

पाटा चढवल्यापासून जीप जराशी डावीकडं वढायची, आठ दिसांत वढ लई वाटायला लागली, नानाला वाटलं स्टेरिंग ढिल्लं झालंय. नाना गेला लतीफभाईकडं, रस्त्याच्या पल्याड त्यांचं स्टेरिंगचं दुकान. लतीफभाईंनी टाय रॉडची जॉइंटं बदलली, किंगपिनची बुशं बदलली, स्टेरिंग बॉक्सचा प्ले काढला, जे जे ढिल्लं ते ते समदं घट्ट केलं. तरी जीप वढतीच. मागून बघितलं तर कुत्रं पळतं तशी, तोंड रस्त्यावर आनि अंग तिरकं. नाना तापला. आमच्या दुकानाफुडं चहा घेत म्हनला, लतीफनं जीप आनखी बिघडवली, पाटा वहिनींनी कसा चोख केलाय बघा, आता आमच्या जीपच्या लाइनीतल्या एका बी गाडीला त्याच्याकडं जाऊ देनार न्हाई. लोकं माना हालवत हुती. मला बी तसंच वाटलं हुतं, का वाटू न्हाई.

मालक आतून हळूच बोलले. म्हनले, पाटा बसवताना लांब बाजू कुनीकडं केलीस. मी म्हनलं, कसली लांब बाजू. मालक म्हनले, या जीपच्या पाट्याचं चाकाच्या दांड्यावर, अ‍ॅक्सलवर, बसायचं भोक मधोमध नसतं गं, एक अंग लांब, एक आखूड. दोरी घे.

काय सांगू तुला. इतकी वर्सं मी घन मारला, पन घन मारनारीची नजर जिथं मार द्यायचा तिथंच. कोनतं टोक फुडं, कोनतं मागं, हे सांडशीवाल्यानं बघायचं, मी कधी बघितलंच न्हाई. मी जीपखाली गेले, पाट्याच्या फुडच्या पिनीपासून अ‍ॅक्सलपतूर दोरी धरली, गाठ मारली, मंग उजव्या अंगाला तीच दोरी लावली. दोन बोटं फरक. डावं चाक दोन बोटं मागं बसलं हुतं. पाटा उलटा चढवला हुता मी. लतीफभाईंचं काईच चुकलं नव्हतं.

वर नाना लतीफभाईंना नावं ठेवतच हुता. मी गप राह्यले असते तर कुनाला कळलं नसतं, पाटा गुपचूप फिरवला असता, जीप सरळ झाली असती, वर माझंच नाव झालं असतं. मालकांना कळलं असतं, पन ते बोलले नसते. मी बाहेर आले, हाताला ग्रीस, हातात ती दोरी, आनि समद्यांफुडं म्हनलं, नाना, लतीफभाईंना नावं ठेवू नका, पाटा मी उलटा बसवलाय. शेजारचा चहावाला हसला, म्हनला, घन मारायचा सोडून मिस्तरीन व्हायला निघाली. मी जॅक लावला, बोल्ट सोडले, पाटा फिरवला, आनि दोन्ही अंगांनी दोरी लावून नानाला दाखवली.

नाना जीप घिऊन गेला आनि आला. उतरला. म्हनला, सरळ चालती. एवढंच. मंग रस्ता वलांडून लतीफभाईंच्या दुकानात गेला, तिथं काय बोलला मला ठावं न्हाई, पन लई वेळ बसला.

मला वाटलं, आपलं दुकान संपलं आता. दुसऱ्या दिशी सकाळी लतीफभाई सोता एक टेम्पो घिऊन दारात. म्हनले, आपा, स्टेरिंग माझ्याकडं झालं, पाटा तुमी बघा. मी म्हनलं, भाई, कालचं ऐकलं न्हाई का. ते म्हनले, ऐकलं म्हनूनच आनलाय. तवापासून त्यांच्याकडली गाडी माझ्याकडं येती, माझ्याकडली त्यांच्याकडं जाती.

आता पाट्याच्या गाड्या कमी झाल्या, नव्या गाड्यांचं काम मशीनवर. चालायचंच. नानाची जीप अजून येती. मालक खाटंवर बसून माझा मार ऐकतात, एखादा हलका पडला तर नुसतं खाकरतात. तू शिक पोरी, लई मोठी हो, तुझ्या हाताला यश येऊ दे.

थांब, गाडी आली वाटतं. बघ हां, नवीन गिऱ्हाईक आलं का उतरून हेच इचारतं, मिस्तरी कुठं हायेत. आधी मी आत खाटंकडं बोट दाखवायचे. आता मी पदराला हात पुसते आनि म्हनते, बोला.