अठ्ठावीस की चौदा?

नाही, मी म्हणते, तारेची जाडी अठ्ठावीस मिलिमीटर आहे, हे मी कधी नाकारलं का? आहेच अठ्ठावीस! पण ती आरपार, या काठापासून त्या काठापर्यंत! आणि सूत्राला काय हवंय? मध्यापासून काठापर्यंत. म्हणजे किती? चौदा! तुम्हाला सांगते, एवढं समजावायला मला सव्वा तास लागला, आणि तरीही साहेबांना समजलं नाहीच, आणि कागदावर गेलं काय? अठ्ठावीस! आणि खाली सही? सही माझी!

आता तुम्ही म्हणाल, बाई, कसला कागद? सांगते. वीज लांब न्यायची तर मनोऱ्यांवरून तीन तारा ओढतात. वीज तारेतून जाताना तार तिला थोडी अडवते, त्या अडवणुकीतला एक भाग म्हणजे इंडक्टन्स, आणि तो किती, हे गणिताने काढायचं काम माझं. बारा वर्षं तेच करतेय. तीन तारांमधली तीन अंतरं घ्यायची, सात मीटर, सात मीटर आणि कडेच्या दोघींमधलं चौदा. त्यांची बेरीज नाही हो करायची, गुणाकार करून घनमूळ काढायचं! त्यात कडेच्यांना शेजार एकाच बाजूला, मधलीला दोन्हीकडून, म्हणून तिघींनी वाटेत जागा बदलायच्या, खिडकीसाठी भांडणाऱ्या भावंडांना आई बसवते ना आलटूनपालटून, तसं. हे सगळं मी केलं. घनमूळसुद्धा बरोबर आलं! आणि मग साहेबांनी फाइल उघडली.

"हे चौदा कुठून आणलंत? घरून?"

"साहेब, ती त्रिज्या आहे."

"कॅटलॉगमध्ये अठ्ठावीस छापलंय! निम्मी तार कुणी खाल्ली?"

"साहेब, अठ्ठावीस हा व्यास आहे, सूत्रात..."

"मागच्या लाइनला मीच अठ्ठावीस घेतलं होतं. ती लाइन पडली का? नाही ना? मग!"

आणि खरं सांगू... माझा रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. बहिणीचे बाळंतपणाचे दिवस भरले होते, घरी दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी एक हात अर्जावर ठेवला, दुसऱ्या हाताने पेन पुढे केलं. अठ्ठावीस. सही माझी!

घरी येऊन सांगितलं. सासूबाई निवृत्त गणिताच्या बाई. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "व्यास आणि त्रिज्या? मी सातवीच्या मुलांना यासाठी बाकावर उभं करायचे." मी म्हटलं, आई, मला कुणी बाकावर उभं केलं असतं तर बरं झालं असतं!

बरं, त्या आकड्याचं पुढे काय होतं? तो जातो उपकेंद्रातल्या एका मशीनमध्ये. लाइनवर कुठे बिघाड झाला की मशीन त्या आकड्यावरून सांगतं, अमुक किलोमीटरवर जा. तार जाड धरली की इंडक्टन्सचा आकडा कमी भरतो, आणि तो कमी भरला की मशीन अंतर जास्त दाखवणार. सरळ आहे ना? झालं, चार महिन्यांनी भर दुपारी लाइन बंद! अर्धं गाव बंद, पाण्याचे पंप बंद, इस्पितळ जनरेटरवर! मशीन म्हणालं, पन्नास किलोमीटर. आमचे उस्ताद, म्हणजे सगळ्यात जुने लाइनमन, निवृत्तीला सात महिने, एक गुडघा कायमचा रुसलेला, ते गेले पन्नासवर. आणि तिथून मला फोन!

"बाई, पन्नासवर एक शेळी आहे. तिला विचारलं. म्हणते, मी नाही केलं."

पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड केली. अठ्ठावीसमुळे एक दशांश फरक... "उस्ताद, मागे या. पंचेचाळीसला असेल."

"मागे? ओढ्याच्या पलीकडे? तिथे जीप जात नाही. बाई, असं करा, तुम्हीच या."

गेले! ऑफिसच्या उंच टाचांच्या चपलांनी गेले! पाच किलोमीटर काट्यांतून, डोक्यावर तारा, पुढे उस्ताद लंगडत आणि मागे मी त्यांच्याहून जास्त लंगडत! दर मनोऱ्यापाशी ते वर बघायचे आणि मी खाली. शेवटी राहवेना. म्हटलं, "उस्ताद, मशीनची चूक नाही. आकडा चुकलाय. सही माझी आहे."

ते थांबले. "सही करताना तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

म्हणाले, "मला नका सांगू. माझ्या गुडघ्याला सांगा." आणि चालू लागले. तुम्हाला सांगते, साहेबांशी घातलेल्या सव्वा तासाच्या वादाने जे लागलं नव्हतं ना, ते त्या एका वाक्याने लागलं.

पंचेचाळीसला सापडलं! चिनी मातीच्या तबकड्यांची जी माळ तारेला धरून ठेवते, तिच्यातल्या दोन फुटल्या होत्या. संध्याकाळी लाइन सुरू. दुसऱ्या दिवशी मी फुटलेली तबकडी आणि फाइल, दोन्ही साहेबांच्या टेबलावर आपटलं. पुढची रजाबिजा गेली खड्ड्यात! "आकडा बदला. नाहीतर मी वरच्या कचेरीला लेखी कळवते."

साहेब शांत. "आकडा मंजूर आहे हो. मंजूर आकडा बदलायचा तर समिती लागते. समिती नेमायला समिती लागते." पण घाबरले बरं का! कारण दुपारीच परिपत्रक निघालं. काय होतं त्यात? ऐका! "मशीनचा स्वभाव लक्षात घेता, लाइनमननी दाखवलेल्या अंतरातून एक दशांश वजा करून चालावे." मशीनचा स्वभाव! मी अर्ज लिहिला, पुन्हा लिहिला, तीनदा लिहिला. समिती बसली म्हणतात. कुठे बसली, कुणी बघितलं?

पुढच्या महिन्यात पुन्हा बिघाड. मशीन म्हणालं वीस. उस्तादांनी दोन वजा केले, जीप थेट अठरावर, तासाभरात वीज परत! वरच्या कचेरीतून अभिनंदनाचं पत्र आलं, अचूक नियोजनाबद्दल. कुणाला? साहेबांना! समारंभ झाला, हार घातला, साहेब म्हणाले, "गणित पक्कं असलं की सगळं जमतं." पहिल्या रांगेत मी होते, शेजारी उस्ताद. ते कानात म्हणाले, "बाई, टाळ्या वाजवा, मला लवकर घरी जायचंय."

वाजवल्या. काय करता!