कलेजीवाल्याचं स्थळ

—न्हाई न्हाई, त्यो यील येवड्यात, तुमी बसा हितं पायरीवर, सावलीला. कामावनं सुटला की भुकूमच्या कोपऱ्यावर कोंडिबाच्या मटनाच्या दुकानात थांबतुया, मंग घरी. कालच म्हनला मला, लीलामावशी, उद्या गावाकडनं हैबतमामा येनार हायेत, जरा बसवून घ्या. लई बरं झालं मामा तुमी आलात. भाच्याला चार शब्द सांगा. भाडं येळच्या येळी देतुया, त्याबद्दल बोलनं न्हाई — पन त्याचं खानं! ऋषिकेश म्हंजे दिसायला कसा, चष्मा, गळ्यात कंपनीचं कार्ड, बोलनं गोड — आन् खानं बघाल तर बिबट्याचं. नुसतं मटन. भात न्हाई, भाकर न्हाई, चपाती न्हाई. सकाळच्याला अंडी, दुपारी डब्यात अंडी, रातच्याला मटन. मला वाटलं, आसंल आठ दिसांचं खूळ. कुटलं! दिवाळी गेली, होळी गेली — होळीला पुरनपोळी दिली तर कुत्र्याला घातली. माझ्यादेखत न्हाई घातली, पन कुत्रंच सांगतंय की, तवापासनं त्याच्या दारातनं हालत न्हाई.

आन् मटन म्हंजे तुमाला वाटंल मांडीचं, चापाचं — परवडतंय व्हय त्याला? महाळुंग्याला फ्लॅट घेतलाय न्हवं. अजून नुसते खांब उभे हायेत. चौदाव्या मजल्यावर ह्याचं घर हाय म्हनं — आत्ता तितं कावळे ऱ्हात्यात. ते कावळे फुकट, आन् ह्यो हितं माझ्या गोठ्याच्या जागंवरच्या खोलीत भाडं भरतुया. पगार झाला की हप्ता आधी उडतुया, उरलेल्यात महिना काढायचा आन् खानं मातुर राजाचं पायजे. मंग काय, कोंडिबा जे फेकून द्यायचा ते ह्यो आनतुया. फोपसं, वजडी, कोंबडीच्या माना, चरबीचं गोळं. आधी कोंडिबा फुकटच द्यायचा, त्याला वाटायचं कुत्र्याला न्हेतुया. येक दिस त्यानं इचारलं, साहेब, कुत्रं कुटल्या जातीचं हाय? ह्यो म्हनला, इंजिनेर. तवापासनं पैसं घेतुया कोंडिबा.

हसताय काय मामा — बरं, हसत न्हाई तुमी. तोंड का आसं केलंय? वास येतुया व्हय? त्यो मुंडी भाजल्याचा. परवा गॅसवर मुंडी धरली हुती ह्यानं, अख्खी चाळ दारात. आमचं मालक धावत आलं, म्हनलं, कोन जळालं? मालकांचं तर सांगूच नका. जमीन इकली तवा रोज मटन हुतं ह्या घरात, येनाऱ्याला, जानाऱ्याला, वळख आसो नसो. आता कलेजीचा वास आला की ह्याच्या दारात जाऊन इचारत्यात, कसं काय ऋषिकेश, बरं हाय ना? येक तुकडा तोंडात पडंस्तवर बरं इचारत ऱ्हात्यात.

कशापायी करतुया? आता तुमी सख्खं मामा, तुमच्यापासनं काय झाकायचं — पन मी सांगितलं म्हनू नका. रगतात साखर निघाली त्याच्या. तिशीबी न्हाई वो झाली! कंपनीत दिसभर खुर्चीत बसायचं, च्या आन् बिस्कीट, च्या आन् बिस्कीट. तपासनी झाली, कागूद आला. त्या दिशी हितंच बसला हुता, तुमी बसलाय तितंच. रडला न्हाई, पन मी पुसलं जेवलास का, तर म्हनला, मावशी, आता काय जेवू? मंग मोबायलात कुनी तरी डाक्टर गावला, त्यो म्हनतुया धान्य सोडा, मास खावा. हितला डाक्टर म्हनतुया पालेभाजी खा, गोळी घे, चाल. ह्यो गोळी घेतुया, चालतुया, आन् पालेभाजीच्या जागी वजडी खातुया. पन येक खरं, साखर उतरलीय. चेहरा बघा त्याचा, कसा तरतरीत झालाय.

त्याला घाई हाय ना मामा. लग्न जमतंय. पोरगी चांगली हाय, ऋतिका, पुन्यात नोकरी करती. बाप मातुर — अवो काय सांगू! कोन तो विठ्ठलराव. म्हनं आधी फ्लॅट दाखवा, मंग पोरगी. सोताची पोरगी काय चौदाव्या मजल्यावरनं उतरलीय व्हय? सोलापूरकडं पत्र्याचं घर आसंल त्याचं, आन् जावई पायजे लिफ्टवाला. त्याच्या अटीपायी ह्यो पोर कोंबडीच्या माना चोखतुया. आसा ताठ म्हातारा म्हनं, की—

काय? काय म्हनला?

विठ्ठलराव म्हंजे… तुमीच?

अगं बया. आन् हैबतमामा? ते… येनार हायेत? तुमी आधीच आलात. न सांगता. चौकशीला. मंग तवाच न्हाई का सांगायचं वो, मी आपली मामा मामा करत बसले! च्या टाकते. बिनसाखरंचा— न्हाई, म्हंजे साखरंचाच, साखर लई हाय घरात. ती मघाची साखर म्हनले ना, ती च्याची हो. त्याच्या डब्यातली साखर उतरली, म्हंजे संपली, आसं म्हनायचं हुतं मला. रगताचं कुटं काय बोलले? पोरगा धडधाकट हाय. डोंगर चढतुया. लवाश्याचा घाट सायकलवर जातुया — येकदा गेलता, टेम्पोतनं आला माघारी, पन गेला तर हुता—

आं? तुमाला म्हाईत हाय?

साखरंचं तुमाला म्हाईत हाय? ऋतिकानंच सांगितलं? ह्यानंच सांगितलं हुतं तिला, पयल्याच भेटीत? आन् तुमाला चालतंय? बघा! मी मघाधरनं घाम गाळतीया. मानूस मोठ्या मनाचा हाय हो तुमी, मी उगा काय बाय बोलले, ताठ-बिठ, ते मनावर घेऊ नका. मंग आता अडलं कुटं? तोंड आजून आसंच का?

हां. वरचं बटन काढून काय दाखवताय… माळ.

तुळशीची माळ. माळकरी तुमी. सगळं घर. आन् ह्यो म्हनला तुमाला, मी सोडलंय, वरीस झालं शिवलो न्हाई. आसं म्हनला? तुमच्या अंगनात बसून? मुडदा बशिवला ह्याचा! साखर सांगितली आन् मटन झाकलं! आन् मी साखर झाकत बसले आन् मटन सांगितलं, फोपश्यापासनं मुंडीपातुर. जमायचं न्हाई म्हनता. सरळ नकार.

बरं. मंग मीबी सरळ बोलते पाव्हनं, आता काय ऱ्हायलंय. खोटं बोलला ते चुकलंच त्याचं, कान पिळीन मी. पन तुमचं बी बघा की. पोरगा आजारी आसला तर चालंल तुमाला, बरा झालेला चालायचा न्हाई. फ्लॅटचा हप्ता भरून उपाशी मेला तर चालंल, वजडी खाऊन जगला तर चालायचा न्हाई. माळ तुमच्या गळ्यात हाय ना, मंग पथ्य तुमी पाळा, त्याच्या ताटात कशाला डोकावताय? तुमच्या पोरीला कळतंय त्येवडं तुमाला कळंना. ती आली हुती गेल्या महिन्यात, नाक न्हाई मुरडलं तिनं, पायाचं सूप केलं हुतं त्यानं, हितं ह्या पायरीवर बसून दोन वाट्या प्याली आन् वर म्हनती, मिरी कमी हाय—

…

न्हाई. दुसरीच हुती कोन तरी. गौतमी हुती, शेजारच्या खोलीतली. मला हल्ली दिसत न्हाई नीट. पाव्हनं? आवो, फोन कुनाला लावताय? तिला नका लावू, कामावर आसंल ती. मी म्हातारी, चुकून बोलले. ठेवा तो फोन…

काय म्हनली?

सांगा तरी. रडती का?

"व्हय, प्याले." येवडंच? आन्? आन् "लगीन त्याच्याशीच करनार, फ्लॅट आसू दे न्हाई तर ऱ्हाऊ दे." आसं म्हनली तोंडावर? बापाला?

हं.

मंग आता माझ्याकडं काय बघताय. मी न्हाई शिकवलं तिला. निगा तुमी, येष्टी चुकंल. त्यो यील येवड्यात, हातात काळी पिशवी आसंल, तुमाला बघवायचं न्हाई. निगा.