रूपरावची छत्री

बाबाराव : आवाज वाढव, कृष्णकांत. रूपरावनं अजून छत्री उघडली नाई.

कृष्णकांत : गाण्याची तबकडी कोरायला छत्री लागते, हे मला नागपूरहून निघताना कोणी सांगितलं नव्हतं, बाबारावजी.

बाबाराव : माह्या भोंग्याचं माप आहे ते. आठ वर्सं झाले, पुलगावातलं हरेक लगीन याच मापानं वाजवून राह्यलो. तो पाह्य, बजाराच्या पल्याड उभा आहे. त्याले ऐकू गेलं का तो छत्री उघडते.

कृष्णकांत : एवढ्या उन्हात मिटलेली छत्री घेऊन?

बाबाराव : उन्हासाठी उघडायची नाई, बजावून ठेवलं आहे त्याले.

जिजाबाई : अवो, चारची गाडी आहे. माहं गाठोडं तरी बांधू द्या.

बाबाराव : तू माइकपुढून हालू नको, इंदीची माय.

कृष्णकांत : लग्नाची गोष्ट वेगळी, बाबारावजी. इथं काकूंचा आवाज भोंग्यातही जातोय आणि तबकडीवरही कोरला जातोय. फार मोठा झाला तर एक रेघ शेजारच्या रेघेत घुसते. पहिल्या तबकडीचं काय झालं?

जिजाबाई : सुई अडकली. ‘हळद लावा नवऱ्याले’, एवढंच चाळीस डाव म्हटलं मी. शेवटी मलेच त्या नवरदेवाची दया आली.

कृष्णकांत : दुसरीला घाबरून आवाज फारच कमी ठेवला, तर नुसती फोडणी तडतडली. आता ही एकच कोरी उरली आहे, आणि सव्वातीन झालेत.

बाबाराव : म्हणूनच म्हणतो, मोठा ठेव! गिरणीपावतर गेला पाहिजे. हा आवाज गेला तं गावाले समजलं पाहिजे, काय गेलं ते.

जिजाबाई : मी मेली काय, भोंगा लावून सांगाले?

बाबाराव : असं बोलू नको वो.

जिजाबाई : मंग कसं बोलू? सेवाग्रामच्या डॉक्टरीनबाईनं साफ सांगतलं. उद्या सकाळी गळ्यातली गाठ काढतीन. जीवाले धोका नाई, पण आवाज राहीन का नाई, सांगता येत नाई. तुम्हीबी होते तिथं. का तवाबी छत्रीच पाहून राह्यलते?

बाबाराव : ऐकलं मी.

जिजाबाई : एक सांगा. माहं एक तरी गाणं तुम्ही धड ऐकलं काय?

बाबाराव : घ्या! आठ वर्सं दुसरं काय करून राह्यलो मी?

जिजाबाई : बसता कुठं?

बाबाराव : मशीनपाशी.

जिजाबाई : म्हणजे भोंग्याच्या मांगं. आवाज जाते पुढं. रूपरावनं ऐकलं. आर्वीच्या वरातीतल्या घोड्यानं ऐकलं, तो तं नवरदेव घेऊन थेट नदीत गेला. तुम्हीच तेवढे रिकाम्या कानानं घरी आले.

बाबाराव : मशीन पाहा लागते मले.

जिजाबाई : पाहूनच राह्यले तुम्ही.

कृष्णकांत : बाबारावजी, गाडी निघून जाईल. घरच्या ग्रामोफोनच्या पेटीसाठी कोरू की भोंग्यासाठी? एका तबकडीत दोन्ही होत नाही.

जिजाबाई : पेटीसाठी.

बाबाराव : भोंग्यासाठी!

जिजाबाई : गळा कोणाचा आहे?

कृष्णकांत : ...काकू, आणखी जवळ या. हातभर. घरात बोलता तेवढाच आवाज ठेवा, बाकी मी सांभाळतो. कोणतं गाणं म्हणणार?

जिजाबाई : गाणं नाई. चालू कर.

(तबकडी फिरू लागते.)

जिजाबाई : अवो, उठा. उन्ह दारात आलं. चाय मांडली आहे. गरम आहे, फुकून पेजा. काल भोंगा लिंबावरच राह्यला. त्यात कावळ्यानं घर केलं असन तं राहू द्या बिचाऱ्याले, त्यालेबी गाव जागवा लागते. अन् बंडी उलटी घातली आहे, तसेच बजारात जाऊ नोका... बस, बंद कर.

कृष्णकांत : रेघ स्वच्छ आली, काकू. एकही तुटली नाही. पण बाबारावजी, तिकडे पाहा, छत्री मिटलेलीच आहे.

बाबाराव : नाई उघडली?

कृष्णकांत : नाही.

बाबाराव : मंग बराबर आहे आवाज.