दोरी नको, सर!

(स्कॉटलंडच्या डोंगरांमधलं एक लांबलचक तळं. दोन नावा आडव्या काठ्यांनी शेजारी-शेजारी बांधलेल्या, वर ताडपत्रीचं शीड. आत चार शाळकरी मुलं. मागे थोड्या अंतरावर गॅलब्रेथ सर मोटरबोटीत.)

मोरव्हेन : स्ट्रुअन, पाणी उपस की! नुसता बघत काय बसलायस?

स्ट्रुअन : उपसतोयच गं! जेवढं बाहेर टाकतोय तेवढंच परत आत येतंय. अख्खं तळं मी एकटा रिकामं करू का?

मोरव्हेन : इनिस, एल्सपेथ, तुम्हीही वल्ही ठेवा, भांडी घ्या! एल्सपेथ, ते लापशीचं पातेलं घे. खरकटं असू दे गं, इथे कोण बघतंय!

स्ट्रुअन : मोरव्हेन, सर इकडे वळलेत.

मोरव्हेन : वळू देत.

स्ट्रुअन : दोरी आहे त्यांच्या हातात.

मोरव्हेन : मग तू तिकडे बघूच नकोस.

स्ट्रुअन : गेल्या वर्षी पण अशीच...

मोरव्हेन : गेल्या वर्षीचं आता काढू नकोस हं!

स्ट्रुअन : मी काढतोय? वर्षभर तू काढत होतीस. डबा खाताना, बसमध्ये, जिथे-तिथे. ‘याने सरांची दोरी धरली आणि आपली सगळ्यांची मोहीम बाद झाली.’

मोरव्हेन : झालीच ना बाद! मोठ्यांची मदत घेतली की खेळ खलास, नियमच आहे तो. दोन दिवस पाय सोलवटेपर्यंत डोंगर तुडवले, आणि काठ समोर दिसत असताना तू...

स्ट्रुअन : घाबरलो होतो गं.

मोरव्हेन : माहितीये. मीही घाबरले होते. दोरी तुझ्या बाजूला पडली, एवढंच.

स्ट्रुअन : हे वर्षभरात एकदाही बोलली नाहीस!

मोरव्हेन : आत्ता बोलले ना? उपस!

गॅलब्रेथ सर : काय पोरांनो, कसं काय?

मोरव्हेन : मजेत, सर!

गॅलब्रेथ सर : मजेत? निम्मं तळं तुमच्या नावेत आहे! दोरी टाकू का? तुम्ही हो म्हणालात तरच. पण नावा उलटायला लागल्या तर मात्र मी विचारत बसणार नाही.

स्ट्रुअन : सर, जरा थांबा.

गॅलब्रेथ सर : किती थांबू?

स्ट्रुअन : जरा! मोरव्हेन, इकडे बघ. बाहेरच्या बाजूने पाणी येतच नाहीये. दोन नावांच्या मधून उसळतंय.

मोरव्हेन : मग?

स्ट्रुअन : पुढून नावा फाकल्यात आणि मागून चिकटल्यात. पुढून पाणी घुसतं, मागे जायला वाट नाही, मग वर उडतं. नरसाळं झालंय आपलं!

मोरव्हेन : मागची गाठ कुठल्या शहाण्याने बांधली?

स्ट्रुअन : तू.

मोरव्हेन : मी?

स्ट्रुअन : ‘बघा, याला म्हणतात घट्ट,’ असंही म्हणालीस सकाळी.

मोरव्हेन : अरे देवा. बरं, माझीच अक्कल. आता काय करायचं?

स्ट्रुअन : मागची गाठ सोडायची, नाव काठीवरून हातभर बाहेर सरकवायची, परत बांधायची.

मोरव्हेन : इथे? भर पाण्यात? गाठ सुटली आणि लाट आली तर?

स्ट्रुअन : तर दोरी. नाही केलं तरी दोरीच. सांग.

मोरव्हेन : ...सोड गाठ. शीड उतरवते मी. इनिस, एल्सपेथ, पुढची काठी धरा, काही झालं तरी सोडू नका!

गॅलब्रेथ सर : स्ट्रुअन! अरे, गाठ काय सोडतोयस?

स्ट्रुअन : सर, बोलू नका! सल्ला पण मदतीतच धरतात!

गॅलब्रेथ सर : सल्ला कुठला देतोय? मला इथे घाम फुटलाय!

मोरव्हेन : सरकली! अजून थोडी... अजून... बास, बास! आवळ!

स्ट्रुअन : बोटं बधिर झालीत. ऐकतच नाहीत.

मोरव्हेन : एक टोक मला दे. ओढ! हं... बसली.

स्ट्रुअन : आता शीड चढव!

मोरव्हेन : स्ट्रुअन, येत नाहीये. अरे, पाणी येत नाहीये! मधून सरळ मागे चाललंय!

स्ट्रुअन : आणि आपण कसले सुटलोय बघ! सर, राहिलात की मागे!

गॅलब्रेथ सर : अरे, माझ्यासाठी तरी थांबा, कार्ट्यांनो!

मोरव्हेन : तुम्हाला दोरी टाकू का, सर?

स्ट्रुअन : काठ आला, काठ आला! वाळू लागली! उतरा!

गॅलब्रेथ सर : आलो, आलो. थांबा, मी पुढून धरतो...

मोरव्हेन : हात लावू नका! मागची बाजू अजून पाण्यात आहे.

गॅलब्रेथ सर : बरं बाई. हे घातले हात खिशात.

स्ट्रुअन : ओढा रे! अजून! अजून एकदा... आली! सगळीच्या सगळी बाहेर आली!

गॅलब्रेथ सर : शाब्बास रे पोरांनो! शाब्बास! पंचवीस वर्षं पोरं घेऊन येतोय मी इथे... जाऊ दे, डोळ्यांत वारा गेलाय माझ्या. चहा टाकतो. चहा तरी चालेल ना नियमात?

मोरव्हेन : आता सगळं चालेल, सर! स्ट्रुअन, सोमवारी शाळेत सगळ्यांना सांगते बघ. डबा खाताना, बसमध्ये, जिथे-तिथे.

स्ट्रुअन : सांग, सांग. घसा बसेपर्यंत सांग.

मोरव्हेन : मग त्या गाठीचंही सांगावं लागेल. कुणी चुकीची बांधली ते.

स्ट्रुअन : कुठली गाठ?