पावकी-निमकीची रात्र

चारुलता : नाही हो वहिनी, अफू कसली! दूधवाली म्हणाली, 'राई बराबर दे दो बई, छोरो सोई जायगो.' मोहरीएवढी गोळी, तिच्या चारही पोरांना दिलीय तिनं.

शशिकला : आण इकडे. वास तर बघू.

चारुलता : घ्या. पण फेकू नका हं. दोन महिन्यांचं पोर, दिवा लागला की जे सुरू होतं ते पहाटेपर्यंत. परवा पाजता पाजता मी बसल्या बसल्या झोपले, तर मांडीवरून पडता पडता वाचला. हे म्हणतात, सकाळी ऑफिस आहे, चुप कर त्याला. आता मी कशी चुप करू?

शशिकला : नंदूभाऊजींशी मी बोलेन. ही दिलीस का त्याला?

चारुलता : अजून नाही. आज देणार होते, तेवढ्यात तुम्ही आलात.

शशिकला : मग बस अशी. एक सांगते, घरात कुणालाच ठाऊक नाही. यांनासुद्धा. मी दिली होती. आमच्या बेबीला.

चारुलता : काय सांगता!

शशिकला : पाच वर्षं झाली. मध्यभारत राज्य नवं नवं होतं. हिवाळा आला की सगळं सरकारी दफ्तर ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात परत इंदूरला. फायलींच्या पेट्या गाडीत चढल्या, त्यांच्यामागोमाग हेही. बेबी अडीच महिन्यांची. घरात मी आणि सासूबाई, आणि आमचं बोलणं बंद.

चारुलता : सासूबाईंशी? त्यांच्याशी कोण भांडेल! मी लग्न होऊन आले तेव्हा अंथरुणावर होत्या, तरी पहिलं वाक्य काय, तर 'आधी जेवून घे.'

शशिकला : तू त्यांना आजारीच पाहिलंस. तेव्हा आवाज खणखणीत होता. आणि मी शाळेत शिकवून आलेली! पुस्तकात वाचलं होतं, बाळाला तीन तीन तासांनीच पाजायचं. समोर घड्याळ ठेवून बसायचे. पोर रडून लालबुंद. त्या म्हणायच्या, 'अगं, तिला भूक कळते, घड्याळ नाही कळत.' मला वाटे, ह्यांना काय समजतंय. शेवटी खोलीचं दार लावून घ्यायला लागले.

चारुलता : आणि गोळी?

शशिकला : धुणंवालीनं दिली. हिच्यासारखीच, काळी. बेबी झोपली. किती आठवड्यांनी मीसुद्धा झोपले. मग दार धडधडलं. सासूबाई जाग्या झाल्या होत्या, का, तर घरात आवाज नाही म्हणून. दिवा जवळ नेला तर पोर चिंधीसारखी. श्वास येतो की नाही, कळेना. 'काय दिलंस?' एवढंच विचारलं. मी सांगून टाकलं.

चारुलता : खूप बोलल्या असतील.

शशिकला : छे गं! त्या थंडीत अनवाणी गेल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांना उठवून आणलं. डॉक्टर दोन तास बसून होते. सुई दिली. जाताना म्हणाले, 'धोका टळलाय, पण सकाळपर्यंत हिला झोपू देऊ नका.' विचार कर चारू. महिनाभर जिला झोपवायला जिवाचं रान केलं, तिलाच आता जागं ठेवायचं! मी तळव्यांना टिचक्या मारतेय, त्या तिला घेऊन येरझारा घालतायत. अंगाई तर म्हणायची सोय नाही. मग त्यांनी पावकी काढली, पावाचा पाढा, मोठ्यानं. 'एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण...' मग अर्ध्याची निमकी. भावांचं ऐकून ऐकून पाठ झालेली. चुकल्या की मी सुधारायचे.

चारुलता : अशा वेळी?

शशिकला : अशा वेळी. खोड जाते का? उजाडता उजाडता बेबीनं जो टाहो फोडला, गल्ली उठली. आम्ही दोघी रडतोय काय, हसतोय काय. त्या म्हणाल्या, 'आता पाज. किती वाजले ते बघू नकोस.'

चारुलता : आणि मोठ्या भाऊजींना कोणीच सांगितलं नाही?

शशिकला : हे चैत्रात परतले. मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनीच मला गप्प केलं. 'मधे जरा पोरीची प्रकृती बिघडली होती. तुझ्या बायकोनं रात्र जागून काढली.' बस. त्या रात्रीनंतर रोज बारापर्यंत पोर त्यांच्याकडे, पुढे माझ्याकडे. खरं सांगू? लोक म्हणतात ते दिवस हालाचे. मला मात्र आजही ती थंडी हवीशी वाटते. एका गोधडीत आम्ही तिघी.

(चारुलता गोळी मोरीत टाकून पाणी ओतते.)

चारुलता : गेली. पण वहिनी, आज रात्री काय करू?

शशिकला : आज मी इथंच राहते. रडला की पाज, मग माझ्याकडे दे. आणि पहाटे नंदूभाऊजींना उठव. ऑफिस चार-पाच तास लांब असतं तेव्हा.

चारुलता : तुम्ही सासूबाईंना नंतर कधी काही म्हणालात? चुकलं वगैरे?

शशिकला : धीरच झाला नाही. गेल्या वर्षी शेवटी शेवटी त्यांना झोप यायची नाही, आठवतंय ना? मी पाठीवर थोपटत बसायचे. एकदा म्हणाल्या, 'हात जड आहे गं तुझा. पोर झोपायची तरी कशी?'

चारुलता : मग?

शशिकला : मग काय. मी हात हलका केला. त्या झोपल्या.