काकांचं कोरं धोतर

हसू नका, पण माझं लग्न कारबुरेटरमुळं जमलं.

निजामाच्या एका अंमलदाराची जुनी मोटार काकांनी घेतली होती. पाय दाबला की ती आधी अडखळायची, मग हिसका देऊन पळायची. मुरुमला माझ्यासाठी मुलगी बघायला निघालो, तर जळकोटच्या चढावर ती बंदच पडली. तिकडं मुलीचे वडील आधीच हो-नाही करत होते, त्यात हा उशीर.

जळकोटातनं बोलावलेल्या जब्बारभाई मिस्त्रींनी कारबुरेटर उघडला. पेट्रोल जायचं बारीक भोक उन्हात धरून फुंकर मारली, तर आतनं सूत निघालं.

"काका, पेट्रोल कशातनं गाळता?"

"कोऱ्या धोतरातनं! दर खेपेला नवा तुकडा. एक कण आत जाऊ दिला न्हाय म्या."

"अहो, तुमचं धोतरच आत गेलंय! कोऱ्याचं सूत सुटतंय. धुऊन धुऊन मऊ पडलेलं जुनं धोतर घ्या."

मग मोटार अशी पळाली की काय सांगू! काका वाटभर "जुनं धोतर, जुनं धोतर" घोकत होते.

मुलगी मला आवडली. निघताना तिच्या वडलांनी काकांपुढं मानाचं कोरं धोतर ठेवलं. काका म्हणाले, "हे राहू द्या. घरात एखादं जुनं असंल तर तेवढं द्या."

मुलीच्या वडलांचे डोळे भरून आले. आत जाऊन बायकोला म्हणाले, "असली निर्लोभी माणसं शोधून सापडायची न्हाईत. पोरगी इथंच द्यायची."

मोटार पुन्हा अडखळली न्हाय. सासऱ्यांना मात्र आमी अजून काय बोललो न्हाय.