कोयता कोणापुढे ठेवायचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय शिखरचंदजी, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका तारामतीबाई, सत्कारमूर्ती अजितकुमार सर, सौ. कंचनबाई, आणि शेलूबाजारच्या या शाळेवर माया करणाऱ्या बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटे दिली आहेत. मी पाटबंधारे खात्यात आरेखक आहे. आखून दिलेल्या मापाबाहेर रेघ जाऊ द्यायची नाही, हे माझे काम. म्हणून सरांच्या तीस वर्षांच्या नोकरीविषयी न बोलता त्यांच्या एकाच शब्दाविषयी बोलते. कोयता.

सर शब्द गोळा करतात. बाजाराच्या दिवशी त्यांनी रस्त्यात ज्याला थांबवले नाही, असा माणूस या सभागृहात आहे का? कोयता त्यांना श्रवणबेळगोळच्या यात्रेत सापडला. पहाटे मोटार बिघडली होती. रस्त्याकडेच्या शेतात धुके होते आणि धुक्याआड बायका पीक कापत होत्या. बायका दिसत नव्हत्या, नुसते बोलणे ऐकू येत होते, आणि त्यात ‘कोय्’ पुन्हा पुन्हा. कन्नडमध्ये कोय् म्हणजे कापणे. आपला कोयता तिकडूनच चालत आला, असे सर वर्गात सांगत आणि खिडकीबाहेर पाहत राहत. मग आम्हालाही धुके दिसू लागे. मला तर मिठाच्या गोण्या वाहणारे बैल दिसत, त्यांच्या घंटा ऐकू येत. आमच्या तांड्याच्या पूर्वजांनी तो शब्द बैलांबरोबर आणला असेल का? पुरावा नाही. तरी ते चित्र मी खोडलेले नाही.

शब्दाचा दुसरा अर्थ मात्र सरांना ठाऊक नव्हता. ऊसतोडीत कोयता म्हणजे माणसांची जोडी. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

सात वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, सर किन्हीराजाजवळच्या आमच्या तांड्यावर आले. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात माझे पहिले वर्ष सुरू होते आणि मी सुट्टीत घरी आले होते. आईचे मनगट मोडून वाकडे जुळले होते. तेव्हा वडिलांचा, म्हणजे मदनसिंग राठोडांचा, कोयता पुरा करायला शिक्षण सोडून मी जायचे ठरले होते. सरांच्या कानावर ते गेले असावे. देवमन मुकादमाचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता.

सरांनी माझा विषय काढला नाही. त्यांनी कोयता बघायला मागितला आणि हात पुढे केला. वडिलांनी दसऱ्याचे कुंकू लागलेला कोयता आणून सरांपुढे जमिनीवर ठेवला. सरांचा हात तसाच राहिला. सरांना वाटले, आपल्याला नकार दिला. वडिलांना वाटले, आमच्या हातचे लोखंड यांना चालत नाही. मी बाजूला बसून त्या पात्याची लांबी नजरेने मोजत होते. साडेनऊ इंच.

शेवटी आई म्हणाली, “मास्तर, उचला ना तुमी. हत्यार आमी हातात नाही देत. भांडण लागते. ज्याच्यापुढं ठेवलं त्यानं उचलावं.”

वडील हसले. “पोथीवाल्या मानसाले लोखंड जड होऊन राह्यलं असन.”

सरांनी तो दोन्ही हातांनी उचलला. त्यांच्या जैन धर्मातही कापण्याचे हत्यार दुसऱ्याच्या हाती देण्याला दोष मानतात, हे त्यांनी तेव्हा सांगितले. मग वडिलांनी त्यांना जोडीचा अर्थ सांगितला आणि या साली जोडी कोणाची, तेही. सर ऐकत राहिले. कोयता अजून त्यांच्याच हातात होता. शेवटी त्यांनी विचारले,

“मदनसिंगजी, आता हा मी कोणापुढे ठेवू?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी मान वर केली नाही. ज्याच्यापुढे ठेवला त्याने उचलायचा, हे मलाही लागू होते.

“माह्यापुढं ठेवा,” वडील म्हणाले.

सरांनी ठेवला. आणि आई तिथूनच बोलली, “मोळी बांधाले एक हात धड असला तरी पुरते. मी जातो यंदा.”

त्या वर्षी आमचा कोयता आईने पुरा केला. ती परतली तेव्हा त्या हाताने तिला भाकरी थापता येत नव्हती. आजही येत नाही. त्या वर्षीची माझी गुणपत्रिका मी तिला कधी दाखवली नाही.

सर, आपले आभार मानायला मी सात वर्षे लावली, याचे कारण हेच. आपले आभार मानायचे तर आईकडे बघावे लागले असते. आज ती इथे, बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसली आहे. म्हणून क्रम चुकवते, अध्यक्षांनी समजून घ्यावे. पहिले आभार धुरपताबाई राठोड यांचे. दुसरे सरांचे.

बोलताना कुठे माप चुकले असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझा समजून पोटात घालावा. मी आता बायकांच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसते. नमस्कार.